शोक साडेतीननंतर

'बुलढाणा बुल्स' या व्हॉट्सॲप ग्रुपला एकच नियम होता आणि तो ग्रुपच्या फोटोवरच लाल अक्षरांत लिहिला होता : बाजार चालू असताना फक्त बाजार. वाढदिवस, गुड मॉर्निंग आणि शोक साडेतीननंतर.

नियम रंगरावांचा. रंगराव म्हणजे ग्रुपचे ॲडमिन आणि वरवट बकालच्या कृषी केंद्राचे मालक. झालं असं होतं, की भगवंतराव गुरुजींच्या चुलतसासूबाई एकदा भर दुपारी वारल्या आणि गुरुजींनी ती बातमी लगेच ग्रुपवर टाकली. सगळ्यांनी हात जोडले. त्या जोडलेल्या हातांच्या ढिगाखाली मलकापूरच्या डिंपलताईंचा 'विका' एवढा एकच शब्द गाडला गेला. रंगरावांना तो सापडेपर्यंत त्यांचा शेअर जमिनीला टेकला होता. तेव्हापासून ग्रुपमधल्यांचे नातेवाईक बाजाराच्या वेळात मरत नसत. मेले तरी साडेतीनपर्यंत थांबत. नियम मोडणाऱ्याने सगळ्यांना कचोरी द्यायची; त्याच दिवशी पुन्हा मोडला तर बाजार बंद होईपर्यंत ग्रुपबाहेर.

अविनाशने आतापर्यंत पुष्कळ कचोऱ्या खाऊ घातल्या होत्या. स्टँडसमोर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. ग्रुपमध्ये सगळ्यांत कमी गुंतवणूक त्याची आणि सगळ्यांत जास्त बडबडही त्याचीच. रंगरावांचा फोनही त्यानेच लावून दिलेला. कॉल आला की शेअरच्या भावाचा पडदा झाकला जातो अशी रंगरावांची तक्रार होती, म्हणून बाजार चालू असताना एकही कॉल आत येणार नाही अशी सोय त्याने करून दिली होती. त्या कामाचे त्याने पैसेही घेतले नव्हते.

तो बोंडअळीच्या सालानंतरचा हंगाम होता. बीटी बियाण्याच्या पाकिटावर लिहिलेलं असे, की या कपाशीला बोंडअळी लागत नाही. अळीला वाचता येत नव्हतं. आदल्या वर्षी तिने बोंडं आतून पोखरून टाकली, म्हणून यंदा लोकांनी आधीपासून, भरपूर आणि हाताला लागेल ते फवारायचं ठरवलं होतं. त्यामुळे जाकीरला मरायलाही फुरसत नव्हती. जाकीर अविनाशचा शाळेपासूनचा दोस्त. पाठीवर पंप घेऊन तो दुसऱ्यांच्या वावरात फवारणी करायचा. नाकाला रुमाल बांधायचा, पण तो बायकोने, आयशाने, आठवण केली तरच.

त्या सकाळी ग्रुपवर नेहमीसारखं चाललं होतं.

"अमेरिकेनं चीनवर कर वाढोला. आपली सरकी वर जाईन," भगवंतराव गुरुजी.

"गुरुजी, मांगच्या वेळी तुमी मनलं तेल वर जाईन. मी तेल घेतलं. आता घरी तेलच आहे," अविनाश.

"अबे ते खायचं तेल नाही, खनिज तेल."

"म्हनूनच पुऱ्या नीट होऊन नाही राह्यल्या."

"अविनाश, बाजार चालू आहे," रंगराव. हे ते दिवसातून तीनदा लिहीत.

तेवढ्यात आयशा दुकानात आली. पायात चप्पल नव्हती.

"भैया, इनकू कुछ हुआ. आँखां से दिखरा नई बोलरे. मुँह से फेस आरा."

रामराव पाटलांच्या वावरात फवारता फवारता जाकीर सरीतच बसला होता. रामरावांना आधी वाटलं, बिडी प्यायला बसला. मग तो आडवा झाला. अविनाशने स्टँडवरचा एक मालवाहू ऑटो थांबवला, त्यातली कांद्याची पोती रस्त्यावर उतरवली, तो वावरापर्यंत नेला आणि जाकीरला आत घातलं. जाकीरच्या हातात औषधाची बाटली तशीच होती. हिरवं झाकण, वर एकच चिठ्ठी : 'आता अळी विसरा'. कंपनीचं नाव नाही, औषधाचं नाव नाही. अळीने काय विसरायचं तेही नाही.

"अव्या," जाकीर मधेच म्हणाला, "रामरावच्या दोन सऱ्या राह्यल्या रे."

"त्या काई पळून नाही चालल्या. गप पड."

"मले तू दिसून नाही राह्यला बे."

"चांगलंच आहे. सकाळपासून अंघोळ नाही केली मी."

जाकीर हसला की ओकला हे कळलं नाही. दोन्ही एकदमच झालं असावं.

खामगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याचे कपडे काढून अंग धुवायला लावलं, सलाइन चढवली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि बाटली उलटीसुलटी करून पाहिली.

"काय आहे यात?"

"अळीचं औषध."

"ते कळलं. पण कोणतं? अंदाजानं किती वेळ इंजेक्शनं देऊ? विकणाऱ्याला विचारा. लवकर."

विकणारे रंगराव. अविनाशने फोन लावला. फोन लागला नाही. ज्याने ती सोय केली होती तोच दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून पुन्हा पुन्हा तोच नंबर दाबत होता. मग त्याने रामरावांना फोन केला. रामराव दुकानापर्यंत जाऊन आले.

"शटर खाली आहे. अंदर पंखा फिरल्याचा आवाज येते, पण उघडत नाहीत. मी लाता घातल्या. त्यायले वाटलं आशीन कोनी उधार मांगाले आलं."

अविनाशने वेगळा मेसेजही टाकला, पण बाजाराच्या वेळात रंगराव डिंपलताईंशिवाय कोणाचा उघडत नसत. म्हणजे रंगरावांपर्यंत जायला ग्रुप सोडून रस्ता नव्हता. आणि इथे अविनाशच्या हातून चूक झाली. ती त्या ग्रुपमधल्या माणसाच्याच हातून होऊ शकत होती. ग्रुपबाहेर काढलं तर हाही रस्ता बंद, या धास्तीने त्याने नियमात बसेल असा मेसेज लिहिला :

"रंगराव काका, हिरव्या झाकणाच्या बाटलीची कंपनी कोणती? अर्जंट. आत्ताच पाहिजे."

ग्रुप पेटला.

"काऊन? काई बातमी आहे का?"

"अव्याले कुठून तरी टिप आली."

"हिरवं झाकन म्हंजे ते गुजरातवालं. मी म्हनत होतो घ्या म्हनून."

"अधिवेशनात कीटकनाशकावर अनुदान येनार हाय," गुरुजी. "मले मंत्रालयातून समजलं." मंत्रालयात गुरुजींचा एक विद्यार्थी लिफ्ट चालवायचा.

"मी घेतले. जे होईन ते होईन."

कोणी काय घेतलं देव जाणे, कारण कंपनी कोणती हे अजून कोणालाच माहीत नव्हतं. पण घेतले. अविनाश लिहीत होता, "अहो, तसं नाही", आणि ते वर सरकत होतं. शेवटी त्याने नियम सोडला.

"जाकीर फवारताना पडला. खामगावला दवाखान्यात आहे. डॉक्टरले औषधाचं नाव पाह्यजे. काका, तुमच्या पाया पडतो, नाव सांगा."

एकाने लिहिलं, "म्हंजे बंदी येनार. विका रे विका." दुसऱ्याने लिहिलं, "आताच तर घेतले बे!" मग रंगराव आले.

"शोक साडेतीननंतर. नियम सगळ्यांना सारखा."

"मेला नाही अजून, काका!" अविनाशने लिहिलं, पण ते गेलं नाही. त्याला काढून टाकलं होतं.

आयशा दवाखान्याच्या भिंतीला टेकून बसली होती. "क्या बोले?" तिने विचारलं.

"सांगून राह्यले," अविनाश म्हणाला.

थोड्या वेळाने एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"अविनाश भाऊ? मी डिंपल. मलकापूरहून. तुमी जे लिहिलं ते खरं आहे का? का नेहमीसारखं?"

डिंपलताईंना त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्या एका साड्यांच्या दुकानात काउंटरवर बसत आणि ग्रुपमध्ये दिवसाला जास्तीत जास्त तीन शब्द लिहीत, म्हणून सगळे त्यांना मानत.

"खरं आहे, ताई. आईची आन."

"बरं. विचारून रंगराव सांगनार नाहीत. त्यायले भेव आहे. थांबा."

डिंपलताईंनी रंगरावांना वेगळा मेसेज टाकला. आपल्याकडे मोठी रक्कम मोकळी आहे, हिरव्या झाकणाच्या धंद्यात घालायचा विचार आहे, तुमच्याएवढी माहिती जिल्ह्यात कोणाला नाही. बस एवढंच. रंगरावांचं उत्तर लगेच आलं, तेही बोलून. लिहायलासुद्धा त्यांना दम धरवला नाही. डिंपलताईंनी ते जसंच्या तसं अविनाशला पाठवलं.

"ताई, कंपनी-बिंपनी काई नाही," फोनमधून रंगराव सांगत होते. मागे पंखा ऐकू येत होता. "हा माल आपल्या घरचा. तीन औषधं मिळून एक करतो. दोन तर साधीच, तिसरं ड्रममधून येते, लायसन नाही त्याले. झाकनं मी ठोक आनतो. अळी तर अळी, वावरात चिमनी नाही बसत आठ दिवस! तुमी पैसे घाला, पुढच्या हंगामात पुरा तालुका आपला." मग त्यांनी तिन्ही औषधांची नावं घेतली, एकेक करून, स्पष्ट, भाविक माणूस देवांची घेतो तशी.

डॉक्टरांनी ते दोनदा ऐकलं. नर्सला काहीतरी सांगितलं. ती धावली.

"आता होईल ना?" अविनाशने विचारलं.

"पहिल्या दोन्हींवर देतोय."

"आन् तिसरं?"

डॉक्टरांनी फोन त्याच्या हातात परत दिला. "तिसऱ्यावर उतारा नाही. पोटात आणि अंगावर कमी गेलं असेल तर तो यातून आपला आपण निघेल."

"आधी कळलं असतं तर?"

"तो प्रश्न आत्ता नको," डॉक्टर म्हणाले आणि आत गेले.

बाजार बंद झाला. रंगराव नियमाचे पक्के होते. त्यांनी अविनाशला लगेच ग्रुपमध्ये परत घेतलं आणि कुठून तरी मिळवलेला जाकीरचा फोटो टाकला. त्यात जाकीर कोणाच्या तरी लग्नात बिर्याणीच्या पातेल्यासमोर उभा होता. खाली लिहिलं होतं, 'भावपूर्ण श्रद्धांजली. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.' त्यामागून हात जोडलेले आले, फुलं आली, पणत्या आल्या. गुरुजींनी लिहिलं, 'एक कष्टाळू तारा निखळला.'

अविनाशचा फोन आयशाच्या बाजूला बाकावर पडला होता आणि थरथरत होता. तिने उचलला. तिला मराठी वाचता यायचं, सातवीपर्यंत मराठी शाळेतच गेली होती. वाचून ती उठली, कोणाला न विचारता आत गेली, जाकीरच्या नाकाखाली हात धरून उभी राहिली. मग बाहेर आली.

"साँस चलरी," ती म्हणाली. "इन लोगां कू बोलो."

अविनाशने लिहिलं : जिवंत आहे.

ग्रुपवर मग एक विलक्षण गोष्ट झाली. श्रद्धांजल्या एकेक करून नाहीशा होऊ लागल्या. 'हा मेसेज डिलीट केला आहे.' 'हा मेसेज डिलीट केला आहे.' खालपासून वरपर्यंत. गुरुजींना डिलीट करता येत नसे, म्हणून त्यांचा तारा निखळलेला तसाच राहिला. एकाने अंगठा दाखवला. एकाने विचारलं, "मंग उद्या त्या कंपनीचं काय करायचं?"

दिवस मावळताना, मगरिबची अजान चालू असताना जाकीर गेला. अविनाशने ग्रुपवर कळवलं नाही. त्यांचं करून झालं होतं.

डॉक्टरांनी कागदावर 'विषबाधा, विष अज्ञात' असं लिहिलं. अविनाश म्हणाला, अज्ञात कसं, नावं तर तुम्हीच दोनदा ऐकली. डॉक्टर म्हणाले, फोनमधलं ऐकून मला लिहिता येत नाही, ते पोलिसांना सांगा.

तिसऱ्या दिवशी जाकीरच्या घरासमोर लोक बसले होते. रामराव होते, शेजारपाजारचे होते. पडद्याआड आयशा आणि जाकीरची आई नूरजहां. रंगरावही आले. पांढरे कपडे, उतरलेला चेहरा, हातात केळी.

"जाकीर म्हंजे माह्या पोरावानी होता," ते म्हणाले. "पन या पोरायले कितीक सांगा, तोंडाले बांधा म्हनून. कोनतं औषध कोठून आनतात, आपल्याले काय मालूम?"

अविनाशने फोन काढला आणि आवाज पूर्ण वाढवला.

अंगणात रंगराव बोलू लागले. समोर बसलेले रंगराव गप्प होते. पंखा फिरत होता, झाकणं ठोक येत होती, चिमणी आठ दिवस बसत नव्हती. तिन्ही नावं झाली आणि फोन थांबला.

"हा आवाज माहा नाही," रंगराव म्हणाले, अगदी त्याच आवाजात. "आजकाल मोबाइलवाले कोनाचाबी आवाज काढतात. हाच तर मोबाइलवाला आहे."

रामराव घसा खाकरून म्हणाले, "रंगराव, माह्या घरी याच्या दोन बाटल्या पडल्या आहेत. वापस घेता का मंग?"

"सील फोडलेला माल वापस होत नाही," रंगराव बोलून गेले.

बोलल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. रामराव उठले आणि त्यांच्यापासून दूर, भिंतीकडे जाऊन बसले. मग आणखी दोघं उठले. पण पोलिसांत चला असं कोणी म्हटलं नाही. कपाशी उभी होती, उधारी रंगरावांकडेच होती आणि अळी कोणासाठी थांबणार नव्हती.

पडदा हलला. आयशा बुरखा घालून बाहेर आली.

"भैया, ठाने में ये फोन चलेगा?"

"चलेगा, भाभी. पन बयान तुमकू देना पडेगा. घरवालोंकू."

एक म्हातारे गृहस्थ हळू आवाजात म्हणाले, "इद्दत में है बेटी तू. शौहर के बाद चार महिने घर से बाहर नई जाते."

आयशा उंबऱ्यावर थांबली. तिने सासूकडे पाहिलं. नूरजहां गुडघ्यावर हात टेकून उठली. तिने कोपऱ्यातल्या चपला उचलून आयशाच्या पायापुढे ठेवल्या, मग स्वतःच्या पायात घातल्या.

"मै भी चलती," ती म्हणाली. "माँ कू कायकी इद्दत?"

गाडी एकच होती, अविनाशची. पुढे तो, मधे नूरजहां, मागे आयशा. तिघांनी एका मोटारसायकलवर बसून पोलीस ठाण्यात जाणं हाच मुळात गुन्हा आहे, हे अविनाशला अर्ध्या वाटेत सुचलं. त्याने ते मोठ्याने सांगितलंही. मागून कोणी हसलं नाही. नूरजहांने फक्त त्याचा खांदा आणखी घट्ट धरला, आणि दोन्ही बाजूंना हिरवीगार, बोंडांनी लदलेली कपाशी मागे पडत राहिली.