थर्मन डॉयलच्या नावापुढच्या रेघा

भिंग पुसून मी पुन्हा मोजल्या. दोनच रेघा होत्या.

आमच्या कार्व्हर जंक्शनच्या जुन्या स्टेशनाचं आता संग्रहालय होतंय. गाड्या अजून जातात, थांबत मात्र नाहीत. रविवारी उद्घाटन. भिंतीवर मोठी फळी लागणार आणि तिच्यावर गावातल्या सगळ्या इंजिन ड्रायव्हरांच्या नावांच्या पितळी पट्ट्या. मी चाळीस वर्षं वाचनालय सांभाळलं, म्हणून जुने कागद माझ्या गळ्यात पडले. खरं सांगायचं तर मीच पाडून घेतले. नसत्या चौकशांची मला खोड आहे. आई म्हणायची, "बर्निस, नको तिथे नाक खुपसतेस, एक दिवस ठेचलं जाईल."

वह्या वर्ना कोव्हाल्चिकने स्वतः आणून दिल्या होत्या. एकतीस वर्षं तिने गावातल्या ड्रायव्हरांना ड्यूटीवर बोलावलं. यार्डातून निरोप आला की ज्याची पाळी असेल त्याला फोन लावायचा. दहा घंट्या वाजू द्यायच्या, असा नियम. उचलला की गाडीची वेळ सांगायची, माणसाने ती परत म्हणून दाखवायची, मगच फोन ठेवायचा आणि वहीत लिहायचं 'हजर'. नाही उचलला तर 'उत्तर नाही' लिहून यादीतल्या खालच्या माणसाला फोन. वर्ना प्रत्येक घंटीला पेन्सिलीने एक रेघ ओढायची. तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं, तिची आपली सवय. कोण घरी, कोण पत्त्यांच्या डावाला, कोण भलत्याच दारात, सगळं तिला ठाऊक असायचं, पण तोंडातून कधी ब्र निघाला नाही.

आणि ही नोंद साधीसुधी नव्हती. मार्च १९७३मधला एक शनिवार, दुपारचे बारा वीस. थर्मन डॉयल, दोन रेघा, उत्तर नाही. त्याच्या खाली लेस्टर हॉबन, तीन रेघा, हजर. तीनच्या मालगाडीवर लेस्टर गेला आणि घाटात दरड कोसळली, त्यात इंजिनासकट नदीत गेला. त्याच्या जागी थर्मन असायला हवा होता, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पिऊन पडला असेल मेला, म्हणून उचलला नाही, असं लोक बोलले. कंपनीने त्याला महिनाभर घरी बसवलं. त्याने चकार शब्द काढला नाही. लेस्टरची मुलगी जोलीन तेव्हा नऊ वर्षांची होती. आज ती संग्रहालय समितीची अध्यक्ष आहे आणि पन्नास वर्षांत थर्मनशी एक शब्द बोललेली नाही. "तो माणूस माझ्या वडिलांच्या फळीवर येणार नाही," असं तिने बैठकीत ठणकावलं, आणि आम्ही सगळे खाली मान घालून कॉफी ढवळत बसलो.

मी वही उचलली आणि तडक वर्नाचं घर गाठलं. ती स्वयंपाकघरात चर्चच्या विक्रीसाठी पिएरोगी भरत होती. बटाट्याचं सारण, वर कणकेची पारी, आणि कडा बोटांनी दाबायच्या. एक्क्याऐंशीची झाली तरी हात थांबत नाही बाईचा.

"वर्ना, इथे दहा रेघा हव्या होत्या."

"हो."

"दोन आहेत."

"मोजल्यास तर." तिने वर पाहिलंसुद्धा नाही. "म्हणून तर वह्या तुला दिल्या. दुसऱ्या कुणी न उघडता काचेच्या कपाटात ठेवल्या असत्या."

"अगं, पण झालं काय होतं?"

ती ओट्याला टेकली. "त्या सकाळी त्याची बायको बाळ घेऊन हॉस्पिटलातून घरी आली होती. आधीची दोन गेलेली. आणि पाळी नेमकी त्याचीच. मला वाटलं, एक दुपार बसू दे बापाला लेकीजवळ. दोन घंट्या वाजल्या आणि ठेवला फोन. असं मी आधीही केलं होतं. कुणाच्या घरी बारसं, कुणाच्या घरी मयत. कधी कुणाचं काही बिघडलं नव्हतं."

"थर्मनला माहीत आहे?"

"घरातच होता की तो, दोन्ही घंट्या त्याने ऐकल्या. चौकशीत साहेबांनी विचारलं, फोन ऐकला नाहीस? म्हणाला, नाही ऐकला. समोर मी बसले होते, जबाब लिहून घ्यायला." वर्नाने हात पदराला पुसावा तसा एप्रनला पुसला. "आई अंथरुणाला खिळलेली होती माझी. नोकरी गेली असती तर आम्ही दोघी रस्त्यावर. ते त्याला ठाऊक होतं. पन्नास वर्षं झाली, बर्निस, रस्त्यात दिसला की टोपी काढतो. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू? एका माणसाच्या डोक्यावर खापर फुटलं आणि ही पन्नास वर्षं बघत बसली. लगेच तिची कीवही आली, आणि त्या दोन्हींचं काय करावं ते मला कळेना.

"मग आजच का?"

"थर्मनचं हृदय आता थकलंय. उन्हाळा काढला तर खूप, म्हणतात डॉक्टर. फळीवर नाव नसताना गेला तर मी त्याच्या मयताला कुठल्या तोंडाने जाऊ?" मग खालच्या आवाजात म्हणाली, "जोलीनला मीच सांगणार. तू नुसती बरोबर चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. वर्नाने रविवारचा कोट घातला होता. जोलीन शिडीवर चढून पट्ट्या बसवत होती, निम्म्या बसवून झाल्या होत्या. वर्नाने टेबलावर वही उघडली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "खाली ये आणि मोज."

जोलीनने मोजल्या. वर्नाने सांगायचं ते सांगितलं, काही न गाळता. स्वतःची बाजू सावरायला एक शब्द बोलली नाही.

"म्हणजे कुणी जायचं ते तू ठरवलंस," जोलीन म्हणाली.

"हो."

"बाबांना फोन लावताना काय वाटलं तुला?"

"काहीच नाही. ते जेवत होते. म्हणाले, सूप संपवतो आणि निघतो."

जोलीन खुर्चीत बसली. "कसलं सूप?"

"वाटाण्याचं. मागे तू कुरकुरत होतीस. तुला वाटाणे नको होते. ते हसत होते."

एवढ्याशा गोष्टीने जोलीनचे डोळे भरून आले. वडिलांच्या शेवटच्या दिवसातलं तिच्याकडे काहीच नसावं, ते तिला आत्ता मिळालं, आणि तेही कुणाकडून!

"तुला माफ करायचं की नाही ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "आज विचारू नकोस."

"नाही विचारणार."

"थर्मनचा नंबर आहे?"

"सगळ्यांचे पाठ आहेत."

"मग लाव. आणि या खेपेला पूर्ण वाजू दे."

तिकीट खिडकीमागचा काळा फोन अजून चालतो. वर्नाने नंबर फिरवला. डाव्या हातात फोन, आम्हालाही ऐकू यावा म्हणून कानापासून जरा लांब, उजव्या हाताने वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर आपसूक रेघ. एक, दोन. मग तिसरी. थर्मन हल्ली चालायला वॉकर धरतो, आणि फोन त्याच्या घरी पार स्वयंपाकघरात. दहा झाल्या. नियमाने वर्नाचा हात फोन ठेवायला निघाला.

"वाजू दे," जोलीन म्हणाली.

चौदाव्या घंटीला उचलला गेला. आधी नुसती धाप ऐकू आली.

"थर्मन डॉयल." वर्नाचा आवाज एकदम जुना, कामावरचा झाला. "रविवार, सकाळी दहा, स्टेशन."

मला वाटलं, म्हातारा ठेवून देणार. मग तो सावकाश, नियमाप्रमाणे म्हणाला, "रविवार, सकाळी दहा, स्टेशन." आणि वर, "चौदा वाजल्या, वर्ना."

"हो."

"मी मोजत होतो."

वर्नाने फोन ठेवला, पानावर वेळ घातली आणि त्याच्या नावापुढे लिहिलं, हजर. मी मागे वळले तर जोलीन पुन्हा शिडीवर चढली होती. वडिलांच्या पट्टीचे स्क्रू काढून ती पट्टी एक घर खाली घेत होती, वरची जागा मोकळी सोडून.

"आता ती कशाला हलवतेस?" मी विचारलं. खोड जात नाही.

"त्या दिवशी यादीत थर्मन वर होता," ती म्हणाली, आणि तिने स्क्रूसाठी हात पुढे केला.