धारेवरच्या खुणा

वडगावातल्या आमच्या घरात चार यंत्रमाग आहेत. त्यामुळे आम्ही नवरा-बायको तीस वर्षं बोललोच नाही, म्हटलं तरी चालेल. माग सुरू असले की शेजारी बोंबललेलंही ऐकू येत नाही, म्हणून सगळं हातानं. मूठ वर केली, की थांबव. तळहात खाली दाबला, की ताणा सैल कर. आणि तळहात छातीवरून आडवा फिरवला, की कापड बिनडागी. ही शेवटची खूण ह्यांनी कामगारांना केलेली मी पाहिलीय. मला कधीच नाही. माझ्या प्रत्येक साडीत ह्यांना, म्हणजे नागेंद्ररावांना, एक तरी खोट सापडतेच.

आमच्या लेकीनं, तेजस्वीनं, जांबोटीकडच्या एका ट्रेकला आमची नावं परस्पर घातली. जन्मभर मागावर भिंतीकडं तोंड करून बसलेय, एकदा तरी लांबचं बघावं म्हणून मी लगेच हो म्हटलं.

"सुनंदा, तू अर्ध्यातनंच परत फिरणार बग," हे गाडीतच म्हणाले.

"फिरले तर जन्मभर बोला. आन् न्हाय फिरले तर?"



दहा वाजता आम्ही धारेवर होतो. धार म्हणजे नुसता उघडा खडक, दोन्हीकडं दरी, आणि हातापायांनी चाचपत पुढं सरकायचं. जंगल इतकं खोल होतं, की घारी आमच्या पायांखाली फिरत होत्या. घारीची पाठ मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली. भ्यायचंसुद्धा विसरले. एवढं मोठं जग, आणि मी त्याला पाठ करून बसले होते! माझा मलाच राग आला.

पुढं पायथ्याच्या गावचा वाटाड्या भरमू, मागं हे, त्यांच्यामागं मी. शिखराआधी जेमतेम हातभर रुंदीचा एक टप्पा होता. ते दोघं पार झाले. मी मधोमध आले आणि वारा सुटला. भरमू पलीकडून काहीतरी ओरडत होता. त्याचं तोंड हलताना दिसे, पण शब्द एक पोचेना. मी घाईघाईनं चाचपत होते, पण हाताला धरायला काही लागेना. मागं वळायला जागा नव्हती. आता आपण मरतो, असं मला अगदी स्वच्छ वाटलं.

हे भरमूला बाजूला सारून पुढं आले. ओरडले नाहीत. मूठ वर केली. मी थांबले. मग तळहात खाली दाबला. मी खांदे सैल सोडले, श्वास सोडला. मग मागावरचा धोटा ह्या कडेहून त्या कडेला सरकावा तसा त्यांचा हात एका बाजूला गेला. मी त्याच बाजूला हात नेला, तर तिथं खरंच धरायला कपार होती. पुन्हा हात, पुन्हा पाय. दरीकडं मी पाहिलंच नाही. ज्या हाताचा तीस वर्षं राग राग केला, त्याच हातानं मला वीत-वीत करत पलीकडं आणलं.

शिखरावर पोचलो तेव्हा वारा पडला होता. कुठं खडखड नाही, काही नाही. गोव्याच्या अंगाला डोंगरामागं डोंगर, निळे, फिकट, मग नुसतं आभाळ. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"वैनी, लई भारी आलासा," भरमू म्हणाला.

मी ह्यांच्याकडं पाहिलं. आता बोललेलं ऐकू आलं असतं. ह्यांनी तळहात छातीवर ठेवला आणि सावकाश आडवा फिरवला.

"नीट बगा की, एखादी खोट असंल," मी म्हटलं.

ह्यांनी हात पुन्हा फिरवला.