बॅटरीखालचा बारदाना

समीक्षाच्या हातातल्या काडीचं टोक लागताच बारदान्याच्या त्या तुकड्याचा ओलसर भुगा झाला, आणि त्याच्याबरोबर गाडीतल्या बॅटरीच्या ट्रेच्या पत्र्याचा एक पापुद्राही निखळून खाली गेला. भोकातून दारापुढची माती दिसली. तिच्या कानशिलांत कढ आला. बॅटरी बाजूला विटेवर काढून ठेवलेली. आणि ज्याच्यावर ती दोन वर्षं बसली होती तो ट्रे म्हणजे नुसती चाळणी. नवरा रत्नपाल आणि मिस्त्री मात्र त्या चाळणीकडे असे बघत होते, की जणू गाडी म्हातारी झाली, इतकंच.

बारदाना रत्नपालनंच घातला होता. राइस मिलमध्ये काम करणाऱ्या माणसाला जगातल्या प्रत्येक खडखडीवर एकच औषध ठाऊक : पोतं घाला. मोटरीखाली पोतं, वजनकाट्याखाली पोतं, घरच्या कुलरखालीही पोतंच. तेव्हाच ती म्हणाली होती, बॅटरीतलं ॲसिड झिरपतं, पोतं ते पिऊन धरून ठेवील, मग ते ॲसिड पत्रा खाईल. त्यापेक्षा अधूनमधून खायच्या सोड्याच्या पाण्यानं ट्रे धूत जा. तो हसला होता, गाडी आहे का भांडं म्हणून... बी.एस्सी.ला असताना तिच्या ओढणीवर ॲसिडचा एक थेंब उडाला होता. दिवसभर काही दिसलं नाही, धुतल्यावर तिथे बोट जाईल एवढं भोक. तिला ठाऊक होतं. पण या घरात तिच्या ठाऊक असण्याला एकच नाव : समीक्षाचा स्वभावच भित्रा.

आणि त्या दिवशी, रेल्वे फाटकावर? रुळांवरून गाडी उतरली आणि बॉनेटखाली ढप्पकन काहीतरी सरकलं, जळका वास आला, मांडीवर मैत्री झोपलेली... चार वर्षांच्या लेकीचं ते गरम डोकं तिनं छातीशी आवळलं, आणि रत्नपालनं? त्यानं टेपचा आवाज वाढवला.

मिस्त्री चुन्नीलाल सगळं रत्नपाललाच सांगत होता. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बसवतो, सायकलच्या ट्यूबनं बॅटरी बांधतो, उद्या देवरीला लग्नाला बिनघोर जा. तिनं मध्येच विचारलं, बॅटरी दाबून धरणारी पट्टी कुठे गेली? वळणावर बॅटरी कलंडली, तिचं धातूचं टोक बॉनेटला टेकलं, तर ठिणगी पडेल की नाही? मापाचा प्लास्टिकचा ट्रे का नाही?

"भाभी, वो नागपूर से मंगाना पडता," चुन्नीलाल रत्नपालकडेच बघत म्हणाला. "दो-तीन दिन लगता. इतना कौन देखता है?"

मी बघते, तिच्या मनात आलं... मी बघत असते म्हणून तर...

"काऊन एवढी भेऊन राहिली?" रत्नपाल म्हणाला. "उद्या भाच्याचं लगन आहे."

"ट्रे येईपर्यंत मैत्री या गाडीत बसणार नाही."

आवाज तिला वाटला त्याहून सपाट निघाला. चुन्नीलालनं पाना खाली ठेवला. रत्नपालनं कपाळ पुसलं, आणि भांडायचं सोडून तो हसला, समजूतदारपणे.

"बरं बाबा. पोरगी माह्या मायसोबत एसटीनं येईल. तू तं बसशील ना, माह्या बाजूले?"

इतका वेळ ती भांडत होती, त्यात ठिणगी होती, बॉनेट होतं, ते झोपलेलं डोकं होतं — आणि ती स्वतः? ती म्हणजे फक्त मांडी, मैत्री बसते ती. त्यानं किती सहज तिला उचलून त्या सीटवर ठेवून दिलं... आणि त्याहून संताप याचा, की क्षणभर, सवयीनं, तिची मान होकारार्थी हलणारच होती. लेकीसाठीचा राग तिच्या ओळखीचा होता, तो बोलता येत होता. हा दुसरा, स्वतःसाठीचा, मात्र कधी भेटलेलाच नव्हता. तो तिच्या पायांत उभा राहत होता, आणि त्याला अजून शब्द नव्हते.