हशासाठी सोडलेली जागा

नऊ वर्षं दर आठवड्याला टीव्हीवर शेजाऱ्यांच्या घरात नाक खुपसणारी आत्या झाल्यावर तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं फारसं कोणी उरलं नव्हतं. दूधवाला, डॉक्टर, बँकेतली बाई, सगळे आत्याच म्हणत. फक्त तिची थोरली बहीण, ताई, अजून तिला बाळी म्हणे. ते तिला आत्यापेक्षाही नको होतं, कारण बाळी आता एकोणपन्नास वर्षांची होती.

या आत्याने एक दिवस गाण्यांचा अल्बम काढायचं ठरवलं. नवी गाणी नाहीत, लोकांनी आधी गायलेली आणि तिला आवडणारी. यादी करून ती माझ्याकडे आली. मी लहान मुलांना पियानो शिकवतो. तिची भाची माझ्या हाताखाली शिकून गेली होती, एवढीच आमची ओळख. यादीत दहा गाणी होती. एक अंगाई, एक सैनिकांचं कवायतीचं गाणं, एका जुन्या सिनेमातलं नाचाचं, एक अशा भाषेतलं जिच्यातला एकही शब्द तिला कळत नव्हता, आणि एक तर चक्क अंगाच्या साबणाची जाहिरात, जी तिला अगदी संथ लयीत गायची होती. ही यादी आहे की माळ्यावरचं सामान, असं ताईने विचारल्याचं तिनेच मला सांगितलं. मी म्हटलं, माळ्यावर कधी कधी चांगली वस्तूही सापडते.

ती वस्तू यादीत शेवटी होती. या दोघी बहिणींची आई लॉन्ड्रीत इस्त्री करायची आणि इस्त्री करताना एकच गाणं म्हणायची. गाण्यातली बाई दूर गेलेल्या नवऱ्याचा शर्ट दर रविवारी धुते, इस्त्री करते आणि खुंटीला लावते. पुढच्या रविवारी शर्ट काढते, खुंटी रिकामी होते आणि पुन्हा तेच. गाणं एवढंच.

"सर, हे एक गाणं तरी लोकांनी न हसता ऐकावं," ती म्हणाली. "बाकीच्या नऊंना काय हसायचं ते हसा."

हे बोलताना तिच्या भुवया अशा काही वर गेल्या की मला हसू आलं. मी खोकल्याचं निमित्त केलं. ते तिला कळलं.

स्टुडिओ एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर होता. भिंतींना राखाडी स्पंज, जमिनीवर जाड गालिचा, मधे मोठी काच. काचेच्या अलीकडे पियानोवर मी आणि माइकसमोर आत्या. पलीकडे यंत्रापाशी हशेवाले, आणि त्यांच्या शेजारी चहाचा थर्मास मांडीवर घेऊन ताई. हशेवाले म्हणजे आत्याच्या मालिकेतले आवाजाचे गृहस्थ. मालिकेचं चित्रीकरण होतं तेव्हा समोर प्रेक्षक नसतात. घरी आपल्याला जो हशा ऐकू येतो तो नंतर हे गृहस्थ भरतात. त्यांच्या कपाटात तीनशे प्रकारचे हशे आहेत. नुसतं खुदकन आहे, पोट धरून आहे, मागच्या रांगेतल्या एकट्याच माणसाचंही आहे. स्वतः मात्र ते कधी हसलेले कोणी पाहिले नव्हते. आत्याचा दुसऱ्या कोणावर विश्वास नव्हता, म्हणून तिने त्यांना इथे आणलं होतं.

पहिलं गाणं आईचंच घेतलं. आत्याचा आवाज थोडा जाडसर, पण खरा. सूर धरायची. फक्त प्रत्येक ओळ संपली की थांबायची. पियानो पुढे निघून जायचा आणि ती बस चुकलेल्या माणसासारखी धावत मागून यायची. मूल गाताना असं थांबलं, तर एक तर त्याचा श्वास कमी पडत असतो, नाही तर पुढचा शब्द विसरलेला असतो. आत्याचा श्वास माझ्यापेक्षा लांब होता आणि शब्द तिला सहाव्या वर्षापासून पाठ होते. मग ती पुढच्या सुराला घाबरत असेल, असं मला वाटलं. पण ताई सोडली तर ती जगात कोणालाच घाबरत नव्हती. मी तिला टाळ्या वाजवायला लावल्या, खोलीभर चालत गायला लावलं, ओळीचा शेवटचा शब्द पुढच्या ओळीला चिकटवून म्हणायला लावलं. ती सगळं शहाण्या मुलीसारखं करायची आणि ओळ संपली की थांबायची.

तिसऱ्या दिवशी माझं लक्ष काचेपलीकडे गेलं. आत्या थांबली की हशेवाल्यांचं बोट टेबलावर अलगद टेकत होतं आणि तिने पुढची ओळ उचलली की वर येत होतं. मी पलीकडे जाऊन विचारलं, हे काय चाललंय. ते जरा ओशाळले. म्हणाले, सवय आहे, आत्या जागा सोडतात, मी भरतो. लहान विनोदाला दोन अंक मोजतात, मोठ्याला चार. नऊ वर्षांत कधी चुकल्या नाहीत.

"आणि इथे?" मी विचारलं.

"इथेही चुकल्या नाहीत. रिकाम्या खुंटीच्या ओळीनंतर पूर्ण चार सोडतात."

ती गाण्यातली सगळ्यात उदास ओळ होती.

आत्याला हे पटेना. आपण असं काही करत नाही, सरांचा पियानोच घाईत आहे, असं तिचं म्हणणं पडलं. तेव्हा हशेवाल्यांनी न बोलता तिचंच गाणं यंत्रावर लावलं आणि प्रत्येक रिकाम्या जागेत आपल्या कपाटातला एकेक हशा ठेवून ऐकवलं. कुठे खुदकन, कुठे पोट धरून. एकही इकडचा तिकडे झाला नाही, जणू जागा मापानेच शिवल्या होत्या. ताई हसली, मग बहिणीचा चेहरा बघून थर्मासचं झाकण लावू लागली. आत्या खुर्चीत बसली.

नेमके त्याच वेळी अल्बम काढणाऱ्या कंपनीचे मालक दारातून आत आले. त्यांनी ते ऐकलं आणि त्यांना ते इतकं आवडलं, की त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. रडकं गाणं आणि वर हशा, असं कोणी केलंच नाही म्हणाले. अल्बम असाच काढायचा, दहाच्या दहा गाणी, आणि कव्हरवर आत्या मालिकेतल्या लाल केसांच्या टोपात, हातात लाटणं घेऊन. आत्याने सांगून पाहिलं, की हे तिच्या आईचं गाणं आहे. मालक म्हणाले, मग तर आणखी गंमत. शेवटी कसाबसा त्यांनी शनिवारपर्यंत वेळ दिला. शनिवारी सरळ गायलेलं गाणं ऐकवा, ओळींमधे अशा जागा दिसल्या तर हशेवाले त्या भरतील. करारावर सही झालेली होती, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांचाच होता.

तो मंगळवार होता. बुधवारी मला एक युक्ती सुचली आणि ती मीच सुचवली असल्यामुळे तिच्याबद्दल तक्रार करायची मला सोय नाही. आई इस्त्री करताना थांबत नसणार, कारण थांबलं की कापड जळतं. म्हणून मी घरून इस्त्री आणली, टेबल मांडलं, आणि दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून माझाच जास्तीचा शर्ट दिला. आत्या इस्त्री फिरवत गाऊ लागली. दोन ओळी सुरेख गेल्या. रिकाम्या खुंटीची ओळ आली, तिने पूर्ण चार अंक मोजले, आणि माझ्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा आकार उमटला.

"सर, निदान अंक तरी बरोबर मोजले ना?" ती म्हणाली. पण डोळे भरले होते. मग तिने हळू आवाजात सांगितलं, की समोर शांतता असली की तिला ती लोकांची वाटते. आपण पुढे बोललो तर कोणाचं तरी हसणं चिरडलं जाईल, असं वाटतं. नऊ वर्षं ती मालिकेच्या स्टुडिओत शांततेसमोरच बोलत आली होती. खरा माणूस समोर हसताना तिने या मालिकेत एकदाही ऐकला नव्हता.

मला वाईट वाटलं. तिच्याकडून चूक होत नव्हती, ती लोकांशी सभ्यपणे वागत होती. सभ्यपणा कसा काय सोडवायचा?

गुरुवारी चार वाजता माझा वर्ग असतो. चाळीस वर्षांत मी तो बुडवलेला नाही. स्टुडिओही सोडता येईना, म्हणून मी वर्गालाच स्टुडिओत आणलं. सात मुलं, सगळी सात-आठ वर्षांची. बूट बाहेर काढून ती गालिच्यावर मांडी घालून बसली. आत्या आत आली आणि तिने नुसतं माइकची उंची नीट केली, तर मुलं हसून एकमेकांवर पडली.

आत्याने माझ्याकडे असं बघितलं की, हाच का तुमचा उपाय.

मी पियानो सुरू केला. तिने पहिली ओळ म्हटली. मुलं हसली. तिने दोन अंक मोजले, पण मुलं काही दोन अंकांत आटपणारी नव्हती. चार मोजले, तरी हसणं चालूच. हशेवाल्यांच्या कपाटातल्या हशाला शेवट असतो, खऱ्या हसण्याला तो कधी येईल सांगता येत नाही. तिला कळेना थांबायचं किती. शेवटी ती थांबायचीच विसरली आणि सरळ पुढे गाऊ लागली. मी वर्गात जे करतो तेच तिने आपण होऊन केलं. मुलं दंगा करू लागली की आवाज चढवायचा नाही, उतरवायचा. तिने आवाज उतरवला. मुलांना ऐकायला पुढे झुकावं लागलं आणि झुकलेलं मूल फार वेळ हसू शकत नाही. दुसऱ्या कडव्यात एकाचंच खुदखुदणं उरलं, मग तेही थांबलं. रिकाम्या खुंटीची ओळ आली आणि गेली. मधे काहीच जागा राहिली नाही. मी काचेकडे पाहिलं. हशेवाल्यांचं बोट टेबलावर नव्हतं. दोन्ही हात मांडीवर होते.

गाणं संपल्यावर पुढे बसलेल्या मुलीने हात वर केला.

"पण मग तो शर्ट कोणी घातला?"

आत्या गालिच्यावर मुलांजवळ बसली आणि म्हणाली, मलाही माहीत नाही गं, मी आईला कधी विचारलंच नाही.

शनिवारी मालक गुरुवारचं गाणं ऐकायला आले. हशेवाल्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, की पहिल्या कडव्यावरचं मुलांचं हसणं ते काढणार नाहीत, कारण असा हशा त्यांच्या कपाटात नाही. मालक उभ्यानेच ऐकू लागले आणि पहिल्या कडव्यानंतर खुर्ची ओढून बसले. आत्या काचेला नाक लावून त्यांच्याकडे बघत होती. गाणं संपलं. त्यांनी एकदा घसा साफ केला. म्हणाले, हे असंच राहू द्या, आणि कव्हरवरचं ते लाटणंही राहू द्या घरीच. बाकीच्या नऊ गाण्यांनाही ही मुलं बसवता येतील का, असं विचारून ते गेले. गुरुवारी चार वाजता बसवता येतील, असं मी सांगितलं.

दार लागल्यावर आत्या माझ्याकडे वळली. आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता, पण एका कोपऱ्यात काहीतरी खटकत होतं.

"एकदाही हसले नाहीत हो," ती म्हणाली.

"तेच हवं होतं ना?"

"हवं तेच होतं. पण सर, अगदी एकदाही?"

ताई एवढा वेळ कपात चहा ओतत होती. तो तिने बहिणीपुढे धरला.

"आई अगदी अशीच गायची, बाळी," ती म्हणाली. "फक्त सुरात."

आत्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, भुवया वर नेल्या आणि तशीच थांबली. एक, दोन. तिसऱ्या अंकाला आधी हसले ते हशेवाले.