चार धावांचा नमस्कार

मी दोर बोलतोय. घायपाताचा, अंगठ्याएवढा जाड, आता जागोजागी विरलेला. जिंजा गावात सरोवराच्या बाजूला मुतेसी आत्याचं दोन खोल्यांचं घर आहे. त्या घराच्या आढ्याला मी लोंबतोय. माझ्या अंगावर चार गाठी आहेत. त्या कशासाठी, ते शेवटी सांगेन. म्हाताऱ्यांना आधी जुन्या गोष्टी सांगायच्या असतात, मग कामाच्या.

माझा जन्म टांगा बंदराजवळचा, समुद्राकाठचा. घायपाताची काटेरी पानं यंत्रात सोलली, वाख तारांवर वाळत घातला आणि तीन पदर पिळून मला वळलं. पिळताना फार दुखतं. पण पीळ दिला नाही, तर वाख वाखच राहतो.

जिंजात मला तेन्यवा नावाच्या कोळ्यानं विकत घेतलं. त्याच्या होडीवर मी बरीच वर्षं काढली. एक टोक नांगराच्या दगडाला आणि दुसरं त्याच्या लेकीच्या हातात. कागोया तिचं नाव. होडी काठाला लागायच्या आधी तेन्यवा तिला पुढे उतरवायचा आणि होडीतून एकेक संत्रं तिच्याकडे फेकायचा. झेललं तर तिचं, पडलं तर माशांचं. पोरगी क्वचितच एखादं पडू देई. ते दिवस आठवले की माझ्या वाळलेल्या अंगालाही पाण्याचा वास येतो.

मग तेन्यवा तापानं गेला. आईनं आधीच दुसरं घर केलं होतं, म्हणून नऊ वर्षांची कागोया मुतेसी आत्याकडे आली आणि तिच्यामागून मीही आलो. होडी विकली गेली. मला मात्र आत्यानं विकलं नाही. "भावाचा हात लागलाय याला," म्हणाली आणि अंगणात दोन खांबांना बांधून माझ्यावर मासे वाळत घालू लागली.

आमच्याकडे पोरीला वळण लावायचं काम आत्याचं. पोरगी चुकली तर आईला कोणी बोलत नाही, "हिची आत्या कोण?" असं विचारतात. मुतेसी आत्याला हा प्रश्न कोणी विचारू नये, याची जन्मभर काळजी. वडीलधारं माणूस दिसलं की दोन्ही गुडघे जमिनीला टेकायचे. नजर खाली. दिवस कसा गेला, घरचे कसे आहेत, शेजारचे कसे आहेत, सगळं विचारून होईपर्यंत आणि मोठ्या माणसाचा शेवटचा हुंकार येईपर्यंत उठायचं नाही. कागोयाइतकं सुरेख टेकणारी पोरगी गल्लीत नव्हती. आत्या ते लपवायची नाही.

आणि ही पोरगी शाळेत क्रिकेट शिकली.

"विजार घालून?" आत्यानं विचारलं.

"सगळ्याच घालतात, आत्या."

"पुरुषांसमोर ओरडतेस म्हणे."

"पंचांकडे बघून ओरडावं लागतं. नाहीतर ते बाद देत नाहीत."

"मी तुझ्याकडे बघून ओरडते, तर तू कुठे ऐकतेस?"

असं रोज चाले. तेवढ्यात दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. कामुली गावच्या एका दुकानदारानं कागोयाला मागणी घातली. निरोप असा, की पोरगी आवडली, पण हे विजारीत धावणं बंद व्हायला हवं, रविवारपर्यंत उत्तर द्या. आणि कागोया देशाच्या संघात निवडली गेली. चार देशांच्या पोरींची स्पर्धा आमच्याच गावात ठरली होती. आम्ही, केनिया, टांझानिया आणि रवांडा. अंतिम सामना रविवारी.

आत्यानं दुकानदाराला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "मी एकदा डोळ्यांनी बघते," एवढंच कागोयाला म्हणाली. "वळण सुटलेलं दिसलं, तर विजार चुलीत."

मैदानावर सीमारेषा चुन्यानं आखायची पद्धत होती. पाहुण्या संघांनी सांगितलं, दोर हवा. मैदान सांभाळणारा बालिकोवा, पोरी त्याला आदरानं मझे म्हणत, गावभर दोर मागत फिरला. कागोया अंगणातले मासे काढून मला सोडवू लागली.

"तुझ्या बापाचा दोर आहे," आत्या म्हणाली. "एक धागा जरी तुटला, तरी याद राख."

अशा रीतीनं मी सीमारेषा झालो. एकटा नव्हे, आम्ही सात दोर होतो, एकमेकांना गाठी मारून जोडलेले. एक बैलाचा होता, एक चर्चच्या घंटेचा, तो फार तोऱ्यात असे. मझेनं मला पूर्वेकडे, आंब्याच्या झाडाखाली अंथरलं. तिथं टक्कल पडलेले मोठे करकोचे उभे असत, निवृत्त पंचांसारखे. आणि कागोया दरवेळी क्षेत्ररक्षणाला माझ्याजवळच यायची. येता-जाता पायाच्या बोटांनी मला हळूच दाबायची. होडीत दाबायची तशीच.

शुक्रवारी केनियाशी गाठ होती. त्यांची फलंदाजी चालली होती, पंधरावं षटक असावं. आत्या आली. बाजारातली मासळी विकून, डोक्यावर रिकामी टोपली घेऊन. दारावर कोणी विचारलं, तर म्हणाली, "मी खेळ बघायला नाही, दोर बघायला आले." खरोखरच माझ्या कडेकडेनं, वाकून मला तपासत ती आंब्यापर्यंत आली आणि कागोयाच्या पाठीमागे उभी राहिली.

"काय गं, दिवस कसा गेला?"

कागोया वळली. गुडघे टेकले. नजर खाली.

"चांगला गेला, आत्या. तुझा कसा गेला?"

"बरा गेला. म्म्. तुझ्या सोबतिणी बऱ्या आहेत?"

"बऱ्या आहेत. बाजारातल्या बायका बऱ्या आहेत?"

तिकडे गोलंदाज धावत निघाली होती. बॅटचा आवाज आला. मझे ओरडला, कर्णधार आकेलो ओरडली. आत्या शांतपणे विचारत होती, "आणि शेजारच्या काकांच्या खोकल्याचं कळलं का तुला?"

चेंडू कागोयाच्या टाचेपासून हातभर अंतरावरून घरंगळत आला आणि मला लागला. चेंडू लागला की माझी छाती फुगायची, कारण माझ्यामुळे चार धावा होतात. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, मी तिथं नसतो तर बरं झालं असतं.

आम्ही तो सामना दोन धावांनी हरलो.

आकेलो सगळ्यांसमोर कागोयावर बरसली. "गुडघे टेकायला चर्च आहे ना! देशाचे कपडे घालून चार धावा नमस्कारात घालवल्यास!" कागोया मान खाली घालून रडत होती. आत्या टोपली उचलून निघून गेली.

पुढचं मला नंतर अंगणात कळलं, कारण आत्या ती गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगते. शनिवारी बाजारात बायकांनी तिला भंडावून सोडलं. "मुतेसी, गावातला सगळ्यात महाग नमस्कार तुझा गं, चार धावांचा!" मासे विकत घेणारा पोलीससुद्धा हसला. संध्याकाळी तिनं कागोयाला समोर बसवलं.

"चेंडू येतोय, हे कळलं होतं तुला?"

"आवाज आला होता."

"मग उठली का नाहीस?"

"तू काकांच्या खोकल्याचं विचारत होतीस."

आत्या म्हणाली, "विजारीतही टेकलीस." आणि चुलीकडे वळून केळी सोलायला लागली.

टांझानिया आणि रवांडाला आम्ही हरवलं होतं, म्हणून तरीही रविवारी अंतिम सामन्यात पोहोचलो. समोर पुन्हा केनियाच. आत्या त्या दिवशी लवकर आली. टोपली नव्हती. खांद्यावर टोकं उभी राहिलेला, कमरेला रुंद पट्टा बांधलेला तो सणासुदीचा पायघोळ झगा तिनं घातला होता. जरा लांब थांबून तिनं मझेला विचारलं, "अहो, खेळ सुरू झाला का?"

"अजून नाणं उडालेलं नाही."

"मग बोलवा सगळ्यांना."

संघातल्या साऱ्या पोरी आल्या. माझ्या आतल्या बाजूला पोरी, बाहेर आत्या. आधी कागोया टेकली, मग दुसरी, तिसरी. आकेलो उत्तरेकडची, उंच आणि तापट. ती क्षणभर उभी राहिली आणि मग तीही टेकली. आत्यानं एकेकीला विचारलं, दिवस कसा गेला, घरचे कसे आहेत, आई बरी आहे ना. कुणाच्या भावाचा हात मोडला होता, त्याचीही चौकशी केली. केनियाच्या मुली तिकडून टक लावून बघत होत्या.

"झालं," आत्या म्हणाली. "आजचा सगळा नमस्कार झाला. चेंडू पडल्यावर कुणी टेकलं, तर काठीनं मारीन. आणि तू, उंच मुली, माझ्या पोरीवर ओरडायचं असेल तर जिंकल्यावर ओरड."

आकेलो हसायला लागली. मलाही हसू आलं, पण दोराला हसताना कोण बघतंय!

सामना शेवटच्या चेंडूपर्यंत गेला. केनियाला तीन धावा हव्या होत्या. बायकांचं जीभ हलवत लुलुलु ओरडणं थांबलं होतं, प्रेक्षकांतला बासरीवाला बासरी काखेत धरून उभा होता. चेंडू पडला आणि त्यांच्या फलंदाजानं तो माझ्याच दिशेनं मारला. मैदान उताराचं, चेंडू वेगात. मला वाटलं, पुन्हा मीच. पुन्हा माझ्याच अंगावर.

कागोया आडवी धावत आली आणि दोन्ही गुडघ्यांवर घसरली. गवतावर चर्र असा आवाज झाला. तिनं चेंडू माझ्यापासून वीतभर अंतरावर झेलल्यासारखा धरला, बापाचं संत्रं धरावं तसा. ती होती गुडघ्यांवर, तोंड नेमकं आत्याकडे. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं म्हणा, की घाबरून म्हणा, ती तशीच थांबली. निमिषभर. आत्याच्या डोळ्यांत बघत.

जिनं जन्मभर त्या पोरीला शेवटच्या हुंकाराशिवाय उठू दिलं नाही, ती बाई झगा गोळा करून, घशाच्या शिरा ताणून ओरडली,

"ऊठ गं, ऊठ!"

कागोया उठली. फेकलं. यष्टिरक्षकानं बेल्स उडवल्या, दुसरी धाव घेणारी मुलगी दोन हात लांब राहिली. एका धावेनं जिंकलो. करकोचे उडाले, मझे गवतावर बसून रडला. आत्या मला ओलांडून मैदानात शिरली, तेव्हा तिचा पाय माझ्यावर पडला. त्या पायाचं वजन मी विसरलेलो नाही.

दुकानदाराला त्याच संध्याकाळी उत्तर गेलं. "पोरगी सध्या कामात आहे."

या गोष्टीला वीस-बावीस वर्षं झाली. मझे आता नाही. माझे सहा सोबती कुठं गेले, ठाऊक नाही. तो घंटेचा दोर तेवढा परत घंटेला गेला म्हणतात. मैदानावर आता फुगीर त्रिकोणी गाद्या मांडतात, त्यांवर साबणाच्या जाहिराती. त्यांना चेंडू लागला तर काय वाटत असेल, देव जाणे. गादीला पीळ कुठला!

कागोया देशभरच्या पोरींना शिकवते. आणि आत्याचे गुडघे गेले. चटईवर बसली की उठता येत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी कागोयानं मला आढ्याला टांगलं आणि धरायला चार गाठी मारल्या. आत्या एकेक गाठ धरत वर येते. खालून पहिली, दुसरी, मग कण्हत तिसरी. दिवसातून दहा वेळा मी तिला उचलतो. आयुष्यात इतकं मोलाचं काम मी होडीवरही केलं नव्हतं.

पण एक गोष्ट कोणालाच माहीत नाही. तिसऱ्या गाठीच्या वर, जिथं अंधार असतो, तिथं माझा एक पदर तुटलाय. उरलेले दोन धरून आहेत. पडायचं तर मी एकट्यानं पडावं, तिला घेऊन नव्हे. वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कोणी कागोयाला ओळखत असेल तर सांगा, आढ्याजवळ एकदा हात फिरव. मला काढ, नवा बांध. मला वाईट वाटणार नाही.

आज दुपारी इथं पुन्हा स्पर्धा सुरू होतेय. आठ देश आहेत म्हणे. हे सांगतोय तोवर कागोया गाडी घेऊन आलीच. आत्या तोच झगा घालून चटईवर तयार बसली होती. कागोया दारातच टेकली, चाळिशीची बाई, पण तशीच सुरेख. दिवस कसा गेला, घरचे कसे आहेत, पोरी बऱ्या आहेत, तुझे गुडघे कसे आहेत. आत्या प्रत्येकाची खबर घेत होती. बाहेर गाडीच्या चालकानं भोंगा वाजवला, तरी तिचं संपेना.

शेवटी कागोया उठली. तिनं माझ्यावर हात ठेवला, सवयीनं वरपर्यंत फिरवला आणि तिसऱ्या गाठीपाशी तिची बोटं थांबली. तिनं वर बघितलं. मग मला सोडून दिलं, स्वतः वाकली आणि आत्याचे दोन्ही हात धरले.

"चेंडू पडलाय, आत्या," ती म्हणाली. "ऊठ गं, ऊठ!"