माईकबाईंचा शेवटचा दिवस

"उतारावर नेऊन ढकला, होईल चालू!" असं म्हणून ड्रायव्हर स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला आणि चहा प्यायला निघून गेला. गाडीत सारखी गाणी लावतो म्हणून आम्ही त्याला गाणीवाला म्हणतो. त्याचं काय जातंय? माझं मात्र डोकं फिरायची वेळ आली होती. बसस्टँडच्या कंट्रोल खोलीतला कॉम्प्युटर मी पुन्हा पुन्हा बंद करून चालू करत होतो, आणि तो पठ्ठ्या काळ्या पडद्यावर इंग्रजीतली एक ओळ दाखवून ढिम्म बसला होता. त्यात एका गोड गळ्याच्या पोरीचा आवाज भरलेला आहे. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, ते तीच लोकांना सांगते. आज तिची बोलती बंद आणि बाहेर नुसता गोंधळ.

शेजारच्या खुर्चीत माईकबाई शांत बसल्या होत्या. हे यंत्र यायच्या आधी सगळ्या घोषणा त्याच करायच्या. यंत्र आलं आणि बाईंकडे फक्त बटण दाबायचं काम उरलं. नाव मात्र माईकबाईच राहिलं. आज त्यांचा नोकरीतला शेवटचा दिवस. गेल्या आठवड्यात त्यांनी साहेबांना विचारलं होतं, "शेवटच्या दिवशी एकदा तरी माईकवर बोलू का?"

"रेकॉर्डिंग असताना कशाला? शिस्त म्हणजे शिस्त," साहेब म्हणाले.

बाई "बरं" म्हणाल्या आणि खोलीत येऊन कितीतरी वेळ चष्मा पुसत बसल्या. त्या दिवशी साहेबांचा असा राग आला होता मला!

आता मी त्याच साहेबांना फोन लावला. "कॉम्प्युटर उठत नाहीये."

"दुरुस्तीवाल्याला विचारा."

"विचारतो. पण तोवर गाड्या कोण पुकारणार? मी?"

माझा आवाज साहेबांना ठाऊक आहे. ते चरफडत म्हणाले, "बोलू द्या बाईंना."

बाईंनी माईक पुढे ओढला. "पुलाकडे जाणारी..." एवढं बोलल्या आणि आवाज चिरकला. त्यांनी माईक दूर सारला.

"नाही हो जमत. गंजलाय गळा."

"गंजू दे! बाहेर माणसं ताटकळलीत, त्यांना काय गाणं ऐकायचंय? बोला!" मी खेकसलोच. दुसरं काय करणार? त्यांचे डोळे भरले असते तर माझीही पंचाईत झाली असती.

बाई घोटभर पाणी प्यायल्या. ताठ बसल्या. "पुलाकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे," त्या म्हणाल्या, आणि मग काचेतून बाहेर बघत, "निळ्या टोपीवाले काका, तुमची पिशवी बाकावर राहिली." काका मागे फिरले, पिशवी उचलली आणि खिडकीकडे बघून चक्क सलाम ठोकला. झालं! तिथून बाईंची गाडी सुसाट सुटली.

मी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मागे पेन ड्राइव्ह वगैरे लावलाय का बघा. कधी कधी यंत्र आधी त्यातच डोकावतं. त्यात सुरू होण्यापुरतं काही सापडलं नाही की बसतं अडून."

मी टेबलाखाली वाकलो. होताच! गाण्यांचा पेन ड्राइव्ह, त्या दीडशहाण्या ड्रायव्हरचा. काल इथे चोरून गाणी भरली आणि विसरून गेला. वर मलाच ढकला म्हणतो! मी तो उपटायला हात घातला, तेवढ्यात वरून आवाज आला, "बाळाच्या आई, धावू नका. गाणीवाल्यांचा चहा अजून संपलेला नाही. गाणीवाले, संपवा आता!"

बाहेर सगळा स्टँड हसला. मी हात मागे घेतला.

"सापडलं का काही?" दुरुस्तीवाल्याने विचारलं.

"छे, नुसती धूळ आहे."

"मग मला यावं लागेल. संध्याकाळ होईल."

"होऊ दे की. सावकाश या."

दिवस कसा सरला कळलंच नाही. ऊन कलल्यावर बाईंनी माईक बंद केला, तो रुमालाने पुसला आणि म्हणाल्या, "काढा आता ते."

"काय?"

"गाण्यांचं, मागे लावलेलं. सकाळी टेबल पुसतानाच पाहिलं मी. तुम्ही रजेवर होतात तेव्हाही हाच घोळ झाला होता."

मी आ वासून बघत राहिलो. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? आणि मी इथे दिवसभर थापा मारतोय!"

"छान मारता हो," बाई म्हणाल्या. मग दोघंही इतके हसलो की पोटात दुखायला लागलं.

"पण आता काढा. उद्या मी नाही. तुम्ही पुकारायला लागलात तर लोक पायी जातील. आणि त्या दुरुस्तीवाल्याला कळवा, येऊ नको म्हणावं."

पेन ड्राइव्ह काढला, कॉम्प्युटर मुकाट्याने सुरू झाला. गोड गळ्याच्या पोरीने बंदराच्या गाडीची घोषणा केली. बाईंनी ती पूर्ण ऐकली, पर्स खांद्याला लावली आणि "येते हं" म्हणाल्या.

इतक्यात खिडकीशी एक आजोबा आले. "अहो, त्या बाई कुठे गेल्या? मघाशी नीट कळत होतं. ही काय म्हणाली?"

मी तोंड उघडणार, तोवर बाई दारातून बाहेर पडून त्यांच्यापाशी पोचल्यासुद्धा.

"बंदराची गाडी, आजोबा. चार नंबर. चला, मीही तिकडेच निघालेय."

आजोबांचा हात धरून, वाटेत विचारेल त्याला फलाट सांगत, त्या गर्दीत दिसेनाशा झाल्या.