एकदाच विचारलेलं

लेकीनं रस्त्याकडेच्या खाण्याच्या गाडीवरून एकच बशी आणली. पानात गुंडाळलेलं काहीतरी, त्यातून वाफ निघत होती. आंबटतिखट वास नाकातून थेट पोटात उतरला.

"आणि मला?" हे शब्द आईच्या ओठांवर आले. पण मघाशी "तुला आणू का?" असं लेकीनं विचारलं, तेव्हा "नको गं" म्हणाली होती ती स्वतःच. लेक "बरं" म्हणून वळलीसुद्धा.

आईच्या माहेरी म्हणत, पहिलं नको लाजेचं, दुसरं नको मानाचं, तिसऱ्यांदा विचारील त्याच्या घरी जेवायचं. परदेशात राहून लेक ते विसरली होती. इथं नको म्हणजे नकोच.

लेकीच्या इथल्या खोलीत आल्या दिवशीही असंच झालं होतं. "आई, आता इथेच राहा माझ्यापाशी," लेक म्हणाली होती. बाबा गेल्यापासून घरात आईला दोन पोळ्यासुद्धा जास्त होत होत्या. उडी मारून हो म्हणावंसं वाटलं. पण तोंडातून निघालं, "नको गं, मी कशाला तुझ्या मधेमधे?" लेक "तुझी मर्जी" म्हणाली, आणि तो विषय चुलीत विझल्या निखाऱ्यासारखा काळा पडला. आई मात्र रोज फुंकर घालत बसली. आज विचारील, उद्या विचारील.

उद्या आईचं परतीचं विमान होतं, दुसऱ्या शहरातून. त्या शहराकडे जाणाऱ्या झोपायच्या आगगाडीत दोघी चढल्या. आईला खालचा बर्थ, लेक वर. बाहेर संध्याकाळ अनोळखी शेतांवरून पळत होती. समोरच्या बर्थवर एक म्हातारी डबा उघडून बसली. तिनं एक घास आईपुढे धरला. आईनं छातीवर हात ठेवून मान हलवली. म्हातारीनं पुन्हा धरला. आई हसली, पुन्हा मान हलवली. मग म्हातारीनं आईचा हात सरळ ओढला आणि घास तळव्यावर ठेवून बोटं मिटवली.

आईनं तो तोंडात टाकला. डोळे भरून आले.

"तिखट लागलं?" वरून लेकीचं डोकं खाली लोंबलं.

"हो."

"मला तर नको म्हणालीस!"

"तू एकदाच विचारलंस, ठके."

"मग किती वेळा विचारायचं? लिलाव आहे का, एकवार, दोनवार, तीनवार?"

म्हातारीला शब्द कळले नाहीत, तरी ती हसली. आईलाही हसू आलं. दिवे मंद झाले. खाली चाकं एकच बोल घोटत होती. आई कूस बदलत पडून राहिली. विचारणारं माणूस दोन हातांवर झोपलंय आणि आपण वाट बघत म्हाताऱ्या होतोय, हे तिला पहिल्यांदाच लख्ख दिसलं.

उजाडल्यावर लेक खाली उतरून चादरीची घडी घालू लागली. आईनं घडीचं दुसरं टोक धरलं.

"मला राहायचं होतं गं. तुझ्यापाशी."

लेकीचे हात थांबले. "मग नको का म्हणालीस?"

"वाटलं, पुन्हा विचारशील."

"आई, मी वाट बघत होते, तू आपणहून हो म्हणशील म्हणून. जबरदस्ती वाटायला नको, म्हणून गप्प बसले." चादर तिच्या छातीशी गोळा झाली. "मग परवा ऑफिसातल्या मैत्रिणीला हो म्हटलं. तिला घर सोडावं लागलंय. दुसरी कॉट दिली तिला. आज सामान आणतेय ती."

"असू दे. बिचारीला बाहेर काढू नकोस," आई म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, फक्त चादरीचं टोक तिच्या मुठीत चुरगळलं होतं.

गाडी मंदावली. फलाट सरकत जवळ आला. म्हातारीनं उतरता उतरता डब्यात उरलेलं खाणं कागदात बांधून आईच्या पिशवीत कोंबला, काही न विचारता.

लेकीनं नाक पुसलं. "पुढच्या वर्षी मोठी खोली घेईन. येशील?"

शब्द पुरता संपायच्या आत आई "हो" म्हणाली. इतक्या घाईनं, की तो आवाज ऐकून तिचं तिलाच कसंतरी झालं.